मापाची बेस गिटार बनवून घ्यायची असेल तर

माझ्याकडे कारागिराकडून बनवून घेतलेल्या दोन बेस गिटार आहेत. पहिली पाच तारांची, नेक-थ्रू (म्हणजे नेकचा, गिटारच्या दांड्याचा, ठोकळा बॉडीच्या टोकापर्यंत गेलेला), वर वेंगे या जड आफ्रिकी लाकडाची जाड फळी, वजन ५.१ किलो. ती घरी भिंतीवर असते. दुसरी चार तारांची, बोल्ट-ऑन (नेक बॉडीला स्क्रूने जोडलेला), ३.७ किलोची, दिसायला अगदी साधी. शिवाजी मंदिर असो, गडकरी रंगायतन असो की गणपतीतला मंडप, गेली सहा वर्षं माझ्या खांद्यावर हीच असते.

दोन्ही कारागिरांचे हात चांगले होते. पहिल्याने मी कागदावर जे लिहून दिलं ते चोख करून दिलं. पण मी ते परदेशी वादकांचे फोटो बघून लिहिलं होतं. माझा पंजा केवढा, मी किती तास उभा असतो, कुठल्या स्टेजवर वाजवतो, मुंबईची हवा कशी, यातलं काहीच त्या कागदावर नव्हतं. कारागीर कागदावर असतं तेच बनवतो. म्हणून पुढचं बरंचसं लिखाण त्या कागदावर काय असावं याबद्दल आहे.

आधी हातातली बेस नीट करून घ्या

‘माझी बेस वाजवायला जड जाते’ ही तक्रार घेऊन नवी बनवायला निघालेले बरेच वादक मी पाहिलेत. त्यातल्या निम्म्यांचं काम साध्या सेटअपमध्ये, म्हणजे नेकचा बाक आणि तारांची उंची नीट लावण्यात, झालं असतं. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावा, शेवटचा फ्रेट दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट फीलर गेजने (मोजलेल्या जाडीच्या पातळ पात्यांनी) बघा. साधारण ०.३ मिमी असेल तर नेकचा बाक ठीक आहे. मग कॅपो काढून बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजा: सर्वात बारीक ‘जी’ तारेला २ मिमी आणि सर्वात जाड ‘ई’ तारेला २.५ मिमीच्या आसपास असावी. यापेक्षा खूप जास्त असेल तर दोष गिटारचा नसून सेटअपचा आहे. तो करून घ्या, महिनाभर वाजवा आणि त्यानंतरही ज्या तक्रारी उरतील त्या लिहून काढा. नव्या वाद्याचा पाया या उरलेल्या तक्रारीच असतात.

पंधरा दिवस फक्त मोजायचं

एक व्हर्नियर घ्या. लोहार चाळीत किंवा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात प्लास्टिकचा मिळाला तरी चालेल. तुमची बेस मोजा आणि ज्या मित्रांची बेस हातात घेतल्यावर बरी वाटते त्यांचीही मोजा. नटची (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची) रुंदी, पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी नेकची जाडी, ब्रिजपाशी (बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथे) दोन तारांमधलं अंतर, आणि सामानाच्या काट्यावर अख्ख्या गिटारचं वजन.

हे आकडे पाहिले की ‘आवडते’ आणि ‘आवडत नाही’ यामागचं कारण दिसायला लागतं. फेंडर कंपनीच्या जॅझ बेसचा नट साधारण ३८ मिमीचा असतो, तिच्याच प्रिसिजन बेसचा ४१ ते ४४. फरक तीन ते सहा मिलिमीटरचा, पण डाव्या हाताच्या अंगठ्याला तो पहिल्या सेकंदाला कळतो. ब्रिजपाशी चार तारांच्या बेसवर १९ मिमी अंतर सर्रास असतं. पाच तारांत ते १६.५ पर्यंत खाली येतं. अंगठ्याने थाप मारून वाजवणाऱ्याला १९ हवंच असतं. बोटांनी शांतपणे वाजवणाऱ्याला १७ सोयीचं पडू शकतं. माझ्या पहिल्या बेसवर ते १६.५ होतं आणि माझं मधलं बोट दर चौथ्या सुराला शेजारच्या तारेत अडकायचं. सरावाने जाईल म्हणून मी वर्ष काढलं, पण ते गेलं नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. पट्टा लावून उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. हेडस्टॉक, म्हणजे नेकचं चाव्यांचं टोक, जमिनीकडे कललं तर डावा हात वाजवण्याबरोबर वजनही उचलतोय. चार तासांच्या कार्यक्रमात मनगट आणि खांदा दुखतो तो यानेच. बॉडीचं वरचं शिंग, म्हणजे जिथे पट्ट्याची खुंटी असते ते टोक, बाराव्या फ्रेटच्या रेषेपर्यंत पोचत असेल आणि ट्यूनिंगच्या चाव्या हलक्या असतील तर गिटार सहसा आडवी थांबते. कागदावर हे वाक्य लिहाच: ‘हात सोडल्यावर नेक खाली जाता कामा नये.’

चार तारा की पाच

हा निर्णय तुम्ही कोणाबरोबर वाजवता त्यावर घ्या. आपल्याकडे गायक पट्टी सांगतो ती पेटीच्या भाषेत. ‘काळी दोन करा’ असं तालमीत ऐन वेळी ऐकू येतं. बेसची सर्वात खालची मोकळी तार ई, म्हणजे पांढरी तीन, साधारण ४१ हर्ट्झ. गायकाची पट्टी पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन किंवा काळी दोन असेल, तर त्या पट्टीचा खालचा षड्ज तुमच्या चार तारांत नाहीच. तो वरच्या सप्तकातून घ्यावा लागतो आणि गाण्याचं बूड हलकं होतं. ज्यांचे कार्यक्रम रोज वेगवेगळ्या गायकांबरोबर असतात त्यांनी पाचवी तार, ३१ हर्ट्झची खालची बी, जरूर घ्यावी. ज्यांना फक्त अधूनमधून पांढरी दोनपर्यंत उतरावं लागतं त्यांना ई तारेच्या चावीवर बसणारा एक छोटा खटका पुरतो. तो दाबला की ई ची डी होते. मी दुसऱ्या वेळी तोच घेतला. पाचव्या तारेचं वजन, रुंद नेक आणि उजव्या हाताने ती सतत गप्प ठेवण्याची कसरत वाचली.

वाद्यात बदल असा गरजेतून यावा. १९७५ मध्ये अँथनी जॅक्सन या न्यूयॉर्कच्या वादकाने कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून सहा तारांची बेस बनवून घेतली. त्याच्या डोक्यात खालची बी आणि वरची सी पक्की होती आणि बाजारात तसं वाद्य नव्हतं. तुमच्या डोक्यात असा एखादा सूर पक्का असेल तर तार वाढवा.

स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची वाजती लांबी, हाही हाताचाच प्रश्न. १९५१ च्या फेंडर प्रिसिजनपासून ३४ इंच हे जवळपास प्रमाण झालं. फ्रेटची जागा काढायचं गणित सोपं आहे: लांबीला १७.८१७ ने भागलं की नटपासून पहिल्या फ्रेटचं अंतर येतं. ३४ इंचांवर ते ४८.५ मिमी, ३२ वर ४५.६ आणि ३० वर ४२.८. पहिल्या ते चौथ्या फ्रेटचा ताण ३४ इंचांवर जवळपास १३ सेंमी होतो, ३० इंचांवर साडेअकरा. पट्टी घेऊन आपला पंजा ताणून बघा. लहान पंजाच्या मुलामुलींना ३४ इंचांवर वर्षानुवर्षं झगडायला लावणारे शिक्षक बघितले की मला वाईट वाटतं. ३२ इंचांची बेस बनवून घ्या, आवाजात फार काही हरवत नाही. मात्र खालची बी हवी असेल तर उलट जा. ३५ इंच किंवा तिरक्या फ्रेटची, जिच्यात प्रत्येक तारेची लांबी वेगळी असते अशी घ्या. आखूड स्केलवर बी ढिली पडते आणि सूर नुसता गडगडतो.

बिनफ्रेटची हवी असेल तर एवढंच: गुंडाळलेल्या खरखरीत तारा शिसवी फ्रेटबोर्ड (नेकवरची, बोटांखालची फळी) खातात. बेसवादक जॅको पास्टोरियसने आपल्या १९६२ च्या जॅझ बेसवर इपॉक्सीचा थर दिला होता तो यासाठीच. एबनीचा बोर्ड घ्या, थर मागा किंवा सपाट तारा वापरा.

लाकूड आणि मुंबईची हवा

लाकडावर तासन्‌तास बोलता येतं आणि लोक बोलतातही. माझं मत असं की भरीव बॉडीच्या विजेच्या बेसमध्ये आवाज ठरतो तो आधी वादकाच्या बोटांत, मग तारा, स्केल आणि पिकअपच्या (तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या चुंबकी भागाच्या) जागेत. बॉडीच्या लाकडाचा नंबर त्यानंतर. पण लाकडाने दोन गोष्टी नक्की ठरतात, वजन आणि नेकची स्थिरता. मुंबईत दुसरी फार मोठी आहे. मे महिन्यात घामाने भिजलेली खोली, जुलैत ऐंशी-नव्वद टक्के दमट हवा, आणि मधेच एसी नाट्यगृहात तीन तास. लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत फुगतं आणि आकसतं. चार तारा मिळून नेकला साधारण ७५ ते ८० किलोंनी ओढत असतात. त्यात लाकूड नीट मुरलेलं नसेल तर नेक पिळतो, आणि पिळलेला नेक ट्रस रॉडने (नेकच्या आतली, बाक नीट करायची सळई) सरळ होत नाही.

म्हणून नेकसाठी हट्ट धरा. मेपल, उभ्या चिरेचं, किंवा तीन-पाच पट्ट्या चिकटवून केलेलं. दोन्ही बाजूंना फिरणारा ट्रस रॉड, पाच तारा असतील तर जोडीला कार्बन फायबरच्या दोन पट्ट्या. आणि रॉड फिरवायचं चाक बॉडीच्या बाजूला, उघडं. काही जुन्या पद्धतीच्या बेसवर रॉडपर्यंत पोचायला नेकच काढावा लागतो. इथे वर्षातून दोनदा तरी रॉड फिरवावा लागतो, तेव्हा ही सोय चैनीची नाही.

फ्रेटबोर्डला आपला शिसव घ्या. भारतीय रोझवुड म्हणून जगभरचे कारागीर जे मागवतात ते हेच लाकूड. ब्राझीलच्या रोझवुडचा मोह धरू नका. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून बंदी आहे.

बॉडीसाठी हलकं, गाठी नसलेलं, मुरलेलं काहीही चालतं. मला तूण आवडतं. मिरजेचे सतारमेकर पिढ्यान्‌पिढ्या ते सतार-तंबोऱ्याला वापरत आलेत. ते महोगनीच्याच कुळातलं आहे, कापायला सोपं आणि वजनाला बेताचं. परदेशी अल्डर-अ‍ॅशच्या मागे धावण्याआधी तुमच्या कारागिराला तुणाबद्दल विचारा.

सागाबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण हा प्रश्न मला सतत विचारला जातो. लालबाग-परळकडच्या, गिरगावातल्या चाळी पाडल्या जातात आणि कुणाच्या तरी घरी आजोबांच्या खोलीतली तुळई येते. ‘याची बेस करता येईल का?’ माझ्या मित्राने अशी तुळई नेली तेव्हा मी सोबत होतो. काकांनी (माझी दुसरी बेस बनवणारे, मी त्यांना काकाच म्हणतो) आधी तिच्यावरून चुंबक फिरवला. सात ठिकाणी तो चिकटला. जुने खिळे आत मोडून राहिलेले, आणि असा एक खिळा रंध्याचं पातं संपवतो. मग त्यांनी वजनाचा हिशेब मांडला: बॉडीत साडेचार लिटर लाकूड धरलं तर अल्डरचे दोन किलो होतात आणि सागाचे तीनच्या घरात. त्यात साग तेलकट. चिकटवण्याआधी जोडाचे पृष्ठभाग ताजे रंधून अ‍ॅसिटोनने पुसावे लागतात आणि लगेच सरस लावावा लागतो, नाहीतर जोड दोन वर्षांत उकलतो. शेवटी बॉडी तुणाची झाली आणि तुळईची ६ मिमीची फळी वरून चिकटवली. हेडस्टॉकलाही तोच साग. वजन ३.९ किलो. मित्राची आई ती बघायला आली तेव्हा तिने कडेच्या एका काळ्या खिळ्याच्या डागावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. काकांनी तो डाग मुद्दाम ठेवला होता. घरचं लाकूड वापरायचं तर असं वापरा.

पॉलिशचं वेळापत्रक पावसाशी बांधा. दमट हवेत लॅकर मारला की त्यात पांढरट झाक धरते. नोव्हेंबर ते मे हा काळ त्यासाठी राखा, म्हणजे ऑर्डर पावसाळ्याच्या सुरुवातीला द्या. बॉडीला काहीही करा, पण नेकच्या मागे चकचकीत थर नको. घामट हाताला तो चिकटतो. तेलाचं फिनिश किंवा मॅट सॅटिन घ्या.

फ्रेट नेहमीच्या निकल सिल्व्हरचे की स्टेनलेस स्टीलचे? समुद्राजवळ राहत असाल, हाताला घाम जास्त असेल तर स्टेनलेस. कारागीर जास्त पैसे मागेल, कारण ते कापताना-घासताना हत्यारं झिजतात. ते पैसे द्या. ब्रिजचे स्क्रूही स्टेनलेसचे मागा. वरळीत राहणाऱ्या एका वादकाच्या ब्रिजचे स्क्रू गंजून जागीच धरले होते, तारेची उंची बदलायची सोयच राहिली नव्हती.

मंडपातली गुणगुण

आपल्याकडच्या बेसचा खरा शत्रू म्हणजे खराब अर्थिंग. जनरेटर, एलईडीच्या माळा, डिमर, सगळं एका वायरीवर. सिंगल कॉइल पिकअप ही सगळी गुणगुण पकडतो. वीज ५० हर्ट्झची आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झचा. म्हणजे ती गुणगुण तुमच्याच सुरांच्या शेजारी बसते, इक्वलायझरने कापायला गेलात तर सूरही कापला जातो. म्हणून दोन तुकड्यांचा प्रिसिजन पिकअप, हंबकर किंवा गुणगुण मारणारा दुहेरी कॉइलचा जॅझ पिकअप घ्या. आतला खड्डा तांब्याच्या पट्टीने पूर्ण मढवून आणि त्या पट्टीला अर्थ जोडून घ्या. हे काम स्वस्त आहे आणि घाईत हेच टाळलं जातं.

अ‍ॅक्टिव्ह प्रीअँप, म्हणजे गिटारच्या आतलं बॅटरीवर चालणारं सर्किट, घेतलात तर बॅटरीचा कप्पा स्क्रू-ड्रायव्हरशिवाय उघडला पाहिजे, आणि बॅटरी संपल्यावर पॅसिव्हवर, म्हणजे बॅटरीविना वाजण्यावर, जाण्याचा खटका हवा. मध्यंतरानंतर पडदा उघडतोय आणि बॅटरी मेली आहे, हा प्रसंग ज्याने भोगलाय तो खटक्याची किंमत विचारत नाही.

नाट्यगृहांत अंधार होतो. नेकच्या कडेचे ठिपके अंधारात चमकणारे मागा.

कारागीर कसा शोधायचा

मुंबईत बेस बनवणारे हात फार नाहीत. काही मंडळी शहराच्या औद्योगिक वसाहतींतल्या गाळ्यांत, काही वसईकडे, काही पुणे-गोव्यात काम करतात. धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानांत दुरुस्तीवाल्यांची चौकशी करा, स्टुडिओत वाजवणाऱ्यांना विचारा. गिटार दुरुस्त करणारा प्रत्येक जण गिटार बनवणारा नसतो, आणि गिटार बनवणाऱ्या प्रत्येकाने बेस बनवलेली नसते. बेसचा नेक लांब, ओढ जास्त. किमान तीन-चार बेस बनवलेल्या असाव्यात आणि त्यातली एखादी तीन वर्षं जुनी असावी. ती वाजवून बघा. नवी कोरी बेस सगळ्यांचीच छान वाजते. तीन पावसाळे काढलेली बेस बनवणाऱ्याबद्दल बरंच सांगते.

कार्यशाळेत गेलात की आधी लाकूड कुठे ठेवलंय ते बघा. फळ्यांमध्ये सारख्या अंतरावर पट्ट्या घालून, जमिनीपासून वर, तारखा लिहून ठेवलं असेल तर माणूस जाणता आहे. ओलावा मोजायचं यंत्र आहे का विचारा. त्याचा एकच आकडा ऐकून समाधान मानू नका. महिन्याच्या अंतराने घेतलेले दोन आकडे सारखे असतील तर ते लाकूड त्या हवेत मुरलं. रे रोडच्या वखारीतून परवा आणलेली फळी कितीही सुंदर असली तरी तिचा नेक करायचा नाही.

मग तयार बेसच्या नेकच्या कडेवरून तळवा फिरवा. फ्रेटची टोकं टोचता कामा नयेत. नेक आणि बॉडीच्या जोडात व्हिजिटिंग कार्ड शिरता कामा नये.

कारागीर तुमच्या मागण्यांना ‘नाही’ म्हणतो का, हेही बघा. मी दुसऱ्या वेळी काकांकडे वेंगेची फळी मागितली तेव्हा त्यांनी विचारलं, “दादा, ही खांद्यावर घेणार कोण?” पहिल्या वेळी हा प्रश्न कुणी विचारला असता तर मोठा खर्च वाचला असता.

आवाजाबद्दल बोलताना ‘गरम’, ‘जाड’, ‘पंची’ असले शब्द वापरू नका, प्रत्येकाचा अर्थ वेगळा. तीन ध्वनिमुद्रणं घेऊन जा आणि दोघांनी एकाच हेडफोनवर ऐका. पंचमच्या (आर. डी. बर्मन यांच्या) गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस ऐकवला की काकांना जे कळलं ते मला अर्ध्या तासाच्या वर्णनातून सांगता आलं नव्हतं.

कागद आणि पुठ्ठा

आता कागद. त्यावर स्केल, तारा, नटची रुंदी, पहिल्या आणि बाराव्या फ्रेटची जाडी, ब्रिजवरचं अंतर, फ्रेटबोर्डची गोलाई (९.५, १२ की १६ इंच), लाकूड, जोड, पिकअप आणि ब्रिजपासून त्यांचं अंतर, फिनिश, चाव्या. आणि वजनाची वरची मर्यादा. ही शेवटची ओळ बहुतेकांच्या कागदावर नसते. ‘४ किलोच्या वर नको’ एवढं लिहिलं की कारागीर बाकीची निवड त्या चौकटीत करतो.

जे तुम्हाला नक्की ठाऊक नाही ते रिकामं ठेवा आणि त्याच्यावर सोडा. माझ्या दुसऱ्या कागदावर लाकडाच्या रकान्यात ‘काका ठरवतील’ असं लिहिलं होतं.

कागदानंतर पुठ्ठा. कारागिराकडून बॉडीचं पूर्ण आकाराचं चित्र घ्या, जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापा, नेकच्या जागी लाकडाची पट्टी लावा, पट्टा अडकवा आणि आरशासमोर उभे राहा. बसूनही बघा. उजव्या हाताच्या कोपराखाली कड कुठे रुततेय, खालच्या शिंगामुळे वरच्या फ्रेटपर्यंत पंजा पोचतो का, हे सगळं दहा मिनिटांत कळतं. आम्ही पुठ्ठ्यावरच उजव्या हाताची कड तिरकी कापली, बरगडीच्या बाजूचा उतार वाढवला.

लोकलने फिरणाऱ्यांनी लांबीही मोजावी. ३४ इंच स्केलची नेहमीची बेस जवळपास ४६ इंच भरते आणि गर्दीच्या डब्यात मार बसतो तो हेडस्टॉकला. हेडस्टॉक नसलेली बेस बरीच आखूड असते, चाव्या ब्रिजपाशी असतात आणि तोलही सुटत नाही. तिचं रूप सगळ्यांना रुचत नाही, पण डोंबिवली-दादर रोज करणाऱ्याने हा विचार मोकळ्या मनाने करावा.

पैसे आणि मुदत

सगळे पैसे आधी देऊ नका. साहित्यापुरता आगाऊ हप्ता, नेक आकाराला आल्यावर दुसरा, आणि किमान पाव रक्कम वाजवून बघितल्यानंतर. प्रत्येक हप्त्याची पावती. मधेच पिकअप बदलावेसे वाटले तर वाढीव रक्कम त्याच दिवशी लिहून घ्या. नेक पहिल्या वर्षात पिळला तर कोण काय करणार, हेही लिहून घ्या. चांगला कारागीर यावर नाराज होत नाही. मुदत सहा महिने सांगितली तर मनात नऊ धरा आणि त्या भरवशावर सीझनची कामं घेऊ नका.

तीन फेऱ्या

दर आठवड्याला जाऊन त्या माणसाच्या डोक्यावर बसू नका. तीन वेळा मात्र जायलाच हवं.

पहिली फेरी नेकचा आकार घेताना. ही सगळ्यात मोलाची. माझा नेक शिकंज्यात होता, काका मागच्या बाजूने कानस फिरवत होते. थोडं घासायचं, नेक काढून माझ्या हातात द्यायचा, मी डोळे मिटून पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत हात न्यायचा. पाचव्या वेळी मी म्हणालो, बास. त्यांनी व्हर्नियर लावला: पहिल्या फ्रेटला २१ मिमी. कागदावर मी २२ लिहिलं होतं. आकडा खोडून त्यांनी नवा लिहिला आणि खाली आम्ही दोघांनी सही केली. या फेरीला कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, हात थकलेला असताना जा. ताज्या हाताला कुठलाही नेक चालतो.

दुसरी फेरी पॉलिशच्या आधी. कच्च्या लाकडावरच ब्रिज, तारा, पिकअप बसवून वाजवून घ्या. पट्टा लावून हात सोडा, नेक खाली जातोय का बघा. वजन करा. या टप्प्यावर अजून बरंच कापता येतं, पॉलिशनंतर नाही.

तिसरी ताबा घेताना. आपला अँप किंवा निदान आपली वायर घेऊन जा, दोन तास काढा. प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट वाजवा आणि सूर मरेपर्यंत थांबा. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझतो, कारण नेक त्याच कंपनाने थरथरतो आणि तारेची ताकद खातो. हा दोष चांगल्या बेसवरही थोडा असतो. हेडस्टॉकला छोटा क्लॅम्प लावून बघा, वजन बदललं की ती जागा सरकते. सूर अगदी मेलेला असेल तर उपाय मागा. मोकळी तार आणि बारावा फ्रेट ट्यूनरवर तंतोतंत जुळतात का बघा. ट्रस रॉड स्वतः जोर लावून फिरवू नका. कारागिराला तुमच्यासमोर दोन्ही बाजूंना थोडा फिरवायला सांगा, तो दोन्हीकडे मोकळा असला पाहिजे. सगळे नॉब फिरवताना खरखर ऐका. शेवटी खोलीतली ट्यूबलाइट लावा आणि तारांवरून हात काढा. गुणगुण वाढली तर मढवण्याचं काम अपुरं आहे, तिथेच मागे उघडून घ्या.

घरी नेताना तीन वस्तू सोबत मागा: वायरिंगचं चित्र, ट्रस रॉडची किल्ली आणि तुम्ही दोघांनी सही केलेला तो कागद.

पहिला पावसाळा

नवी बेस पहिल्या पावसाळ्यात हलणारच, घाबरू नका. बाक वाढेल की उलटा जाईल हे त्या नेकच्या लाकडावर आणि फ्रेटबोर्डवर अवलंबून असतं. दर पंधरा दिवसांनी फट मोजा. ०.३ ची ०.६ झाली किंवा तार फ्रेटवर बसायला लागली तर रॉडला एका फेऱ्याचा आठवा भाग, फार तर पाव, आणि मग एक दिवस थांबा. बेस बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, ती भिंत पावसात ओल धरते. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या महिन्याला बदला. कार्यक्रमानंतर तारा आणि ब्रिज कोरड्या सुती फडक्याने पुसा, आणि ओली बॅग तशीच बंद करून झोपू नका.

ऑक्टोबरचं ऊन पडायला लागलं की दोन-तीन आठवडे जाऊ द्या आणि बेस घेऊन पुन्हा कारागिराकडे जा. लाकूड आकसल्यामुळे तेव्हा एखाद-दोन फ्रेटची टोकं बाहेर आलेली असतात. माझ्या बेसवर अकराव्या फ्रेटचं टोक केसाएवढं पुढे आलं होतं. काकांनी तिथे चिकटपट्टी लावली, बारीक कानस चार वेळा फिरवली, तळव्याने कड चाचपली आणि तारा चढवायला घेतल्या.